अंतर

उदगीरला चौबाऱ्याच्या मागं, सायकलच्या दुकानाला लागून
मुनीरोद्दीन रेडिओवाल्याचं दुकान होतं, सात बाय पाचचं.
शाळा सुटली की मी तिथं
कथिलाचा धूर हुंगत बसायचो.

एकाहत्तरचा डिसेंबर. संध्याकाळच्या बातम्यांना
माणसं पायरीवर मावायची नाहीत.
चाचा बशीतला चहा फुंकत सहज बोलून गेले:
"बंदूक कशाला पायजे? मी किरण सोडून मारीन.
इथं खटका दाबला की तिथं माणूस आडवा.
आवाज न्हाई, रगत न्हाई."

सकाळपर्यंत ते बोलणं
स्टेशनावर हमालांच्या तोंडी होतं.

मग गंमत म्हणून त्यांनी ते केलंच:
ट्रकचा फुटका हेडलाइट, मोडक्या सेटचं खोकं,
तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक हिरवा दिवा.
डबा मीच धरला होता. पहिला किरण माशीवर सोडला.
माशी दिव्यावर येऊन बसली
आणि पुढचे दोन पाय चोळत राहिली.

"म्हंजी मूठच की," भाजीवाली सोनव्वा म्हणाली,
"फकस्त बॅटरीवर चालती."

अंधार पडला की लोक येऊ लागले.
एकेकटे. चप्पल न वाजवता.
चाचांना हसू आवरायचं नाही, तरी वही काढायचे,
दुरुस्तीचीच, आखलेली:
नाव. तक्रार. आणि तिसऱ्या रकान्यात, गंभीर चेहऱ्यानं,
"अंतर किती?"

लाहोरचं नाव कुणीच सांगितलं नाही.
सगळ्यात लांबचा माणूस देवणीचा निघाला,
कुणाचा तरी मेव्हणा, बैलाच्या व्यवहारातला.
बाकी सगळी नावं चालत जाण्यातली.
बांधापलीकडं. बोळात समोर.
एका बाईनं नुसतं बोट वर केलं:
माडीवर झोपलाय.

गुरलिंग आला तेव्हा मी तिथंच होतो.
"चन्नाप्पा. थोरला भाऊ."
"अंतर?"
"मधी एक भिंत."

त्या रात्री चाचा जेवायला गेले
आणि मीही वहीत एक नाव लिहिलं, पेन्सिलीनं.
मग थुंकी लावून पुसलं.
कागदाला भोक पडलं.
चाचांनी ते पाहिलं. विचारलं नाही.
पान उलटलं फक्त.

संक्रांतीच्या आधी चन्नाप्पा गेला.
उसाची मोळी उचलताना बसला तो बसलाच.
तिसऱ्या दिवशी गुरलिंग दुकानात आला, भरदुपारी,
टाळूवर नवा वस्तरा फिरलेला,
आणि काउंटरवर अकरा रुपये ठेवले.

"अरे, मी काय बी केलं न्हाई," चाचा म्हणाले.
"बघ, हे डबडं हाय. आत सेल बी न्हाईत."
त्यांनी उघडून दाखवलं. तारा ओढून दाखवल्या.
गुरलिंग मान हलवत होता,
जशी माणसं डॉक्टरपुढं हलवतात.
मग अगदी हळू म्हणाला,
"उलटा फिरवता येतो का, चाचा, खटका?"

रेडिओ चालू होता. कापसाचे भाव सांगत होता.
चाचांनी तो बंद केला नाही,
आवाजही कमी केला नाही.

पुढं वर्षभर लोक त्या दुकानासमोरून
रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचे.
ज्यांनी नावं दिली होती ते जास्तच भराभर:
आपलंही कुणी दिलं असेल.
सेट दुरुस्तीला लातूरला जाऊ लागले.
चाचांनी हेडलाइटखाली पाटी मांडून
कोंबडीची पिल्लं वाढवली, आणि ती खपेनात.

ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं मला विचारलं,
यातलं काही हवंय का.
वही सापडली नाही. मी हेडलाइट आणला.

कुठंही ठेवला तरी तो
कुणाकडं तरी तोंड करूनच राहतो.
सध्या भिंतीकडं फिरवून ठेवलाय.
भिंतीपलीकडं भावाचं स्वयंपाकघर आहे.
आत्ता तिकडं कुणीतरी लसूण ठेचतंय.